चवथीला गावी जायचं, पण भाऊजींनी लस घेतलेली नाही

(करोनाच्या लसीबद्दलचं हे पत्र आणि उत्तर ऑगस्ट 2021 मधलं; त्यातले लसीचे नियम तेव्हाचे आहेत. पत्राचा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्र लिहिणाऱ्या ताई 43 वर्षांच्या. राहायला फोंड्याजवळ, नोकरी पणजीला. यजमान 49 वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे. मुलगा नऊ वर्षांचा. मूळ घर सत्तरी तालुक्यात. तिथे थोरले दीर, जाऊबाई आणि 78 वर्षांच्या सासूबाई राहतात. दिरांनी करोनाची लस घेतलेली नाही. एप्रिलमध्ये त्यांच्या ओळखीतल्या एकाने लस घेतली आणि आठ-दहा दिवसांत त्याला करोना होऊन तो गेला, तेव्हापासून त्यांनी विषयच बंद केला. कुणी काढलाच तर ‘म्हाका कांय जावचें ना’ (मला काही होणार नाही) एवढंच उत्तर. ते घेत नाहीत म्हणून जाऊबाई घेत नाहीत, आणि ‘त्यांच्यामुळे सासूबाईंचीही राहिली’. हेच भाऊजी काही वर्षांपूर्वी माकडतापाची लस घ्यायला सगळ्यांच्या पुढे होते, याचं ताईंना नवल वाटतं. जूनमध्ये ताईंनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लेख टाकून खाली लिहिलं, ‘शिकलेली माणसंही अडाण्यासारखी वागतात.’ भाऊजी ग्रुपमधून बाहेर पडले. तेव्हापासून बोलणं नाही. येत्या 10 सप्टेंबरला चवथ; मूळ घरी दीड दिवसाचा गणपती आणि सगळी मिळून वीसेक माणसं. शिवाय ताईंच्या गाडीतून रोज पणजीला येणारी 29 वर्षांची मैत्रीण आहे. डिसेंबरमध्ये तिचं लग्न आहे आणि पुढे मूल होण्यात अडचण येईल या भीतीने ती लस टाळते. ताई विचारतात: ‘आमच्या घरात लस झालेली आहे. या माणसांपासून आम्हाला धोका आहे. यांना समजवायचं कसं? आणि नाहीच ऐकलं तर संबंध तोडायचे का?’

ताई,

तुमच्या पत्रात भाऊजींना दोन पानं मिळाली आहेत, मैत्रिणीला अर्धं पान आणि सासूबाईंना एक वाक्य. मी त्या एका वाक्यापाशीच अडकले.

‘राहिली’ म्हणजे नेमकं काय झालं? सासूबाई नको म्हणाल्या, की त्यांना कुणी विचारलंच नाही? साठीच्या पुढच्यांसाठी लस 1 मार्चपासून खुली आहे. त्या घरात या रोगाचा सगळ्यात मोठा धोका कुणाला असेल तर तो 78 वर्षांच्या बाईला. वय हाच यातला मोठा धोका, मधुमेह आणि रक्तदाब त्याच्या मागून येतात. आणि नेमकं त्यांच्याबाबतीत तुम्ही, तुमचे यजमान आणि भाऊजी या तिघांनीही एकच गृहीत धरलंत, की थोरला मुलगा ठरवेल तेच आईचं. भाऊजी दुसऱ्यांचा विचार करत नाहीत याचा तुम्हाला राग आहे. सासूबाईंना भाऊजींच्या बाजूला धरून तुम्हीही मोकळ्या झालात, असं मला वाटतं. थोडं बोचेल, पण लिहिते.

तेव्हा आधी त्यांना फोन. तो तुम्ही नाही, यजमानांनी करायचा. भाऊजी कुळागरात, सुपारीच्या बागेत, गेलेले असताना लपूनछपून तर नकोच; ते घरात असताना, उघड. ‘आई, तुला लस घ्यायची आहे का?’ एवढं विचारायचं आणि गप्प राहून उत्तर ऐकायचं. पुष्कळ घरांत उत्तर ‘नको’ असं नसतंच, ‘कोण नेणार?’ असं असतं. वाळपईला जायचं तर गाडी थोरल्याची. त्याला सांगावं तर घरात वाद. त्यापेक्षा आपण गप्प बसलेलं बरं, असं ऐंशीकडे झुकलेली बाई ठरवून टाकते आणि मग घरचे सांगतात की आई पण नको म्हणते.

त्या हो म्हणाल्या, तर यजमानांनी रजा टाकून त्यांना घेऊन जावं. आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र सोबत असू दे, नोंदणी केंद्रावरच होते. रक्तदाबाची, साखरेची गोळी रोजच्यासारखी घ्यायची, न्याहारी करून जायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा कधी औषधाची जबर ॲलर्जी झाली असेल, तर सुई टोचण्याआधी तिथल्या डॉक्टरांना सांगायचं. नंतर अर्धा तास तिथेच बसायचं. बसायला खुर्ची आणि पाठीला टेकू मिळेल हे बघा. दंड दुखेल, रात्री कणकण येईल, अंग मोडल्यासारखं होईल. पॅरासिटामॉल, पेज आणि झोप. ती रात्र यजमानांनी तिथेच मुक्काम केला तर उत्तम. रात्री ताप आला आणि एकट्या जाऊबाईंना तो निस्तरावा लागला, तर दुसऱ्या दिवशी त्यांची स्वतःची लस आणखी सहा महिने लांबणीवर पडलीच म्हणून समजा.

त्या नाही म्हणाल्या, तर का ते विचारा आणि तिथून पुढे बोला. पण ते ‘नाही’ त्यांचं स्वतःचं असू दे.

आता तुमचं दुसरं गृहीत. ‘आमच्या घरात लस झालेली आहे’ आणि धोका सत्तरीहून तुमच्याकडे येतो. मोजून बघा. यजमानांचे दोन्ही डोस झाले. तुम्ही कोविशिल्डचा पहिला डोस जूनच्या मध्यावर घेतलात, म्हणजे दुसरा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेरीआधी मिळत नाही. मुलाच्या वयाला लस अजून आलेलीच नाही. चवथीला तुमच्या गाडीत दोन डोस होऊन दोन आठवडे उलटलेला माणूस एकच असेल. आणि विषाणूचा डेल्टा हा प्रकार आल्यापासून दोन डोस झालेल्यालाही संसर्ग होतो, तो दुसऱ्याला देऊही शकतो; लसीचा खरा फायदा त्याचा आजार इस्पितळापर्यंत जाण्याची शक्यता बरीच कमी होते हा आहे. भाऊजी दिवसभर कुळागरात सुपारी आणि मिरीमध्ये असतात, भेटून भेटतात किती जण? तुम्ही दोघं रोज कचेरीत, बाजारात, बँकेत. त्या घरात विषाणू नेण्याची शक्यता कुणाची जास्त, हे तुम्हीच ठरवा.

हे भाऊजींची बाजू घेण्यासाठी लिहीत नाही. त्यांनी लस घ्यायला हवी, लवकर घ्यायला हवी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ‘तुमच्यामुळे आम्हाला धोका’ म्हणत जाण्यापेक्षा ‘आमच्यामुळे तुम्हाला काही होऊ नये’ म्हणत गेलात, तर ते खरंही आहे आणि ऐकूनही घेतलं जाईल.

माकडतापाची गोष्ट तुम्ही नवल म्हणून लिहिली आहे. मला तीच या पत्रातली सगळ्यात उपयोगाची माहिती वाटली. सत्तरीत 2015 पासून माकडताप आला तेव्हा तो कुणी टीव्हीवर पाहिला नव्हता. काजूच्या बागेत कामाला गेलेली, ओळखीची माणसं तापाने पडत होती. माकडं मरून पडलेली लोकांनी स्वतः पाहिली होती, गोचिडीमुळे होतो हे कळत होतं, आणि लस घेऊन आलेली माणसं आरोग्य केंद्रातली, रोजच्या पाहण्यातली होती. त्या लसीचेही एका महिन्याच्या अंतराने दोन डोस आणि पुढे बूस्टर होते. तीही शंभर टक्के नव्हती. तरी भाऊजी गेले. म्हणजे लस या प्रकाराशी त्यांचं वैर नाही. विश्वास यावेळी तुटला आहे, आणि तो का तुटला हे समजायला मे महिना आठवला की पुरे.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात गोव्यात तपासलेल्या दोघांमागे जवळजवळ एक पॉझिटिव्ह येत होता. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात (गोमेकॉत) पहाटेच्या वेळी ऑक्सिजन कमी पडून माणसं जात होती, आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला त्यात लक्ष घालावं लागलं. त्याच दिवसांत सरकारने 18 वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देण्याचं जाहीर केलं, आणि लगोलग जागतिक आरोग्य संघटनेकडून आठवण करून देण्यात आली की संशोधनासाठीच्या चाचण्यांबाहेर हे औषध करोनासाठी वापरू नये. कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी 4 ते 6 आठवडे होतं, मार्चमध्ये ते 8 आठवड्यांपर्यंत गेलं आणि 13 मे रोजी एकदम 12 ते 16 आठवडे झालं. अंतर वाढवलं तर लस चांगली काम करते याला परदेशातल्या अभ्यासांचा आधार होता. पण लसच मिळत नव्हती त्याच दिवसांत हा निर्णय आला. गावातल्या माणसाने त्याचा काय अर्थ लावायचा? भाऊजींचा निष्कर्ष चुकीचा आहे. त्यांचा संशय मात्र आकाशातून पडलेला नाही, आणि तुम्ही आधी तो मान्य केलात तर पुढचं बोलणं होईल.

त्यांच्या ओळखीचा माणूस गेला, त्याबद्दल. सुई टोचली की त्या क्षणी कवच चढत नाही. शरीराला तयारी करायला दोन ते तीन आठवडे लागतात, तेही एका डोसाने अपुरं. एप्रिल-मेमध्ये विषाणू घराघरात होता. लस घेतल्यावर आठव्या-दहाव्या दिवशी आजारी पडलेल्यांना संसर्ग बहुतेक वेळा लसीच्या आगेमागेच झालेला असायचा. त्या दिवसांत ज्यांनी सुई घेतली नव्हती तेही पडतच होते. हे त्यांना सांगा, पण हे सांगताना तो माणूस त्यांचा कोण होता हे आधी विचारा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख ‘कुणीतरी ओळखीतला’ असा आहे. भाऊजींसाठी तो तसा नसावा.

लसीने काहीच होत नाही असंही म्हणू नका, कारण ते खोटं आहे आणि ते पकडलं जाईल. केंद्र सरकारच्या समितीने 17 मे रोजी जाहीर केलं, त्यानुसार कोविशिल्डनंतर रक्तात गुठळ्या होण्याचं प्रमाण दर दहा लाख डोसांमागे 0.61 होतं. म्हणजे एकापेक्षाही कमी, पण शून्य नाही. लस घेतल्यापासून वीसेक दिवसांत धाप लागली, छातीत दुखलं, पायावर सूज आली किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखायला लागलं, तर डॉक्टरांकडे जायचं, हेही सांगून टाका. धोका लपवला नाही की माणूस फायद्याचंही ऐकतो.

हे बोलायचं कुणी? धाकट्या भावजयीने थोरल्या दिराला, ते सुद्धा ग्रुपवर, वीस जणांसमोर? त्या दिवशी भाऊजी दुसरं काय करणार होते? ‘बरोबर आहे, मी अडाणी, उद्या जाऊन घेतो’ असं लिहिणार होते? (पहाटे पाचला फुलांच्या चित्रावर सुविचार पाठवणारे आपण सगळे, त्या ग्रुपवर कुणाचं मत बदललेलं मला अजून पाहायचं आहे.) लेख बरोबर असेल, खालची ओळ नको होती. ‘भाऊजी, मी तसं लिहायला नको होतं’ एवढं फोनवर सांगा. त्यात लसीचा ल सुद्धा काढू नका. लसीसाठी मागितलेली माफी माफी राहत नाही.

आणि मला एक कळत नाही, या सगळ्यात तुमचे यजमान कुठे आहेत? भाऊ त्यांचा, आई त्यांची, मधुमेह त्यांना. भांडण मात्र तुमच्या अंगावर. आपल्याकडे हे फार होतं: कटू बोलायचं काम सुनेवर सोपवून मुलगा दोन्हीकडे चांगला राहतो. बोलायचं तर त्यांनी, समोर बसून, सुपारीचा भाव आणि पाऊस यांच्या ओघात. ‘दादा, मला साखर आहे. मला झाला तर मी त्यातून उठेनच असं नाही. मला भीती वाटते.’ आकडे, लेख, व्हिडिओ काही नको. धाकट्या भावाने भीती वाटते म्हटल्यावर थोरल्याला ‘म्हाका कांय जावचें ना’ हे उत्तर पुरत नाही, कारण प्रश्न त्याच्याबद्दल नसतोच.

त्यापलीकडे, भाऊजी कुणाचं ऐकतात ते बघा. गावातला एखादा बागायतदार, ज्याने दोन्ही डोस घेतले आणि तिसऱ्या दिवशी माडावर चढला. घरी पूजेला येणारे भटजी. माकडतापाच्या वेळी आलेल्या परिचारिका अजून त्याच केंद्रात असतील, तर त्यांच्याइतकं योग्य माणूस नाही. एकदा बोलावं आणि सोडून द्यावं. रोज टोचणी लावली की माणूस लस घेणं म्हणजे हार मानणं समजू लागतो. पंचायतीत शिबिर कधी आहे एवढं जाऊबाईंना कळवून ठेवा. पुष्कळ पुरुष ‘बायकोला न्यायला गेलो होतो, मग घेतली’ असं सांगत परत येतात. तेवढी पळवाट त्यांच्यासाठी मोकळी असू दे.

हे सगळं जमलं तरी चवथीपर्यंत फार काही बदलणार नाही. सासूबाईंनी सोमवारी, 23 ऑगस्टला पहिला डोस घेतला तरी 10 सप्टेंबरला त्यांचे अठराच दिवस होतात. तेव्हा यंदाची चवथ घरात लस न घेतलेली माणसं आहेत असं धरूनच बेतायला हवी, आणि ती तशी बेतता येते.

गणपती मूळ घरी बसणारच. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला, तिच्यासाठी कांगलां-कवंडाळं रानातून आणायला भाऊजी आणि त्यांची मुलं पुरेशी आहेत. वीस माणसं एकाच वेळी असायला हवीत असं काही शास्त्र नाही. दीड दिवसात तुमच्या चार-पाच कुटुंबांनी वेळ वाटून घ्या: कुणी पहिल्या दिवशी सकाळी, कुणी दुपारी, कुणी दुसऱ्या दिवशी विसर्जनाला. हे ठरवण्याचं काम भाऊजींना द्या. घर त्यांचं आहे, ते थोरले आहेत, आणि ज्या माणसाला सगळे दोन महिने ‘तू चुकतोयस’ म्हणताहेत त्याला ‘तू ठरव’ म्हणणारं कुणीतरी हवं. नेवऱ्या (करंज्या) तुम्ही घरून करून न्या, म्हणजे आदल्या दिवशी स्वयंपाकघरात सहा बायका चुलीभोवती बसणार नाहीत. पंगत ओसरीवर, एकेका कुटुंबाची वेगळी. जेवताना मास्क नसतो आणि गप्पा रंगतात, त्यामुळे आरतीखालोखाल धोका पंगतीलाच.

आरतीचं जपा. घुमट आणि शामेळ ही वाद्यं वाजायला लागली की आपले लोक घसा फाटेपर्यंत गातात, आणि दारं बंद असलेल्या खोलीत मोठ्याने गाणं याहून विषाणूला अनुकूल काही नाही. मार्च 2020 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनवृंदाच्या सरावाला 61 जण होते. त्यातल्या एकाला लक्षणं होती. त्या एका संध्याकाळनंतर पन्नासहून अधिक जण आजारी पडले. तुमच्या मूळ घराला राजांगण, म्हणजे मधला उघडा चौक, आहे असं तुम्ही लिहिलंय. मग घुमटवाले राजांगणाच्या कडेला बसवा, गणपतीच्या खोलीत आरती ओवाळणारे दोघं-तिघंच असू देत, बाकीच्यांनी बाहेरून, मास्क लावून. पावसाची झड आत येईल म्हणून खिडक्या लावून घेऊ नका, जमीन पुसता येते. सासूबाईंची खुर्ची वारा खेळता असेल तिथे, आणि यंदा त्यांच्या पाया लांबूनच पडायचं.

निघायच्या आधीचे आठ-दहा दिवस तुम्हीच जास्त सांभाळा: बाजारातली गर्दी टाळा, कचेरीत मास्क नाकाखाली घसरू देऊ नका. घरी करोनाची तपासणी करायचं अँटिजेन किट औषधांच्या दुकानात मिळतं. निघायच्या दिवशी सकाळी करा. निगेटिव्ह आलं म्हणजे खात्री झाली असं नाही, त्यातून बरेच सुटतात. पण पॉझिटिव्ह आलं तर घरी राहायचं. आणि कुणाला नुसती सर्दी असली तरी त्याने यायचं नाही, मग तो दोन डोसवाला असो की बिनडोसाचा. हा नियम सगळ्यांना सारखा आहे हे ग्रुपवर खुशाल लिहा.

हे काहीच मान्य झालं नाही, सगळे एकत्र, दारं बंद, नेहमीसारखं, असंच भाऊजींचं म्हणणं असेल, तर यंदा तुम्ही तिघांनी राजांगणातून दर्शन घेऊन परतावं. यजमानांना मधुमेह आहे, कारण पुरेसं आहे. गणपती रागावत नाही. माणसं चार दिवस रागावतील.

मैत्रिणीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यावर रागावण्यासारखं मला काही दिसत नाही. लग्न ठरलेल्या मुलीला आधीच दहा जणी दहा गोष्टी सांगत असतात. एप्रिलमध्ये ‘पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर लस घेऊ नका’ हा निरोप फिरला, तो खोटा असल्याचं सरकारने तेव्हाच सांगितलं, पण खुलासा निरोपाइतका लांब पोचत नाही. लसीने वंध्यत्व येतं याला पुरावा नाही, हेही आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट केलं आहे, आणि 2 जुलैपासून गरोदर बायकांनाही लस खुली झाली. गरोदरपणात करोना झाला तर आजार गंभीर होण्याची भीती जास्त असते, म्हणून. काही बायका सांगतात की लसीनंतर एखादी पाळी पुढेमागे झाली. ते तिने ऐकलेलं असेल तर हसण्यावारी नेऊ नका. पण हे तुमच्या तोंडून नको, स्त्रीरोगतज्ज्ञाकडून ऐकू दे. लग्नाआधी एकदा जायचंच असेल तर तिच्यासोबत तुम्ही जा. आणि कदाचित तिची अडचण ती स्वतः नसेल, होणारी सासू असेल. विचारून बघा.

तोवर गाडीतला प्रवास. फोंड्याहून पणजी म्हणजे पाऊण तास, बंद काचा, एसी, दोघींच्या गप्पा. काचा चार बोटं उघड्या, एसी बंद, दोघींना मास्क, तिने मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसायचं. चवथीआधीचे आठ-दहा दिवस तिला सरळ सांगा: ‘घरी म्हाताऱ्या सासूबाईंकडे जायचंय, तेवढे दिवस मी एकटीच जाते.’ तिला वाईट वाटेल, पण शिक्षा केल्यासारखं वाटणार नाही, कारण ती शिक्षा नाहीच.

संबंध तोडण्याबद्दल मी फार लिहीत नाही. भाऊजींशी बोलणं बंद ठेवून कुणाला लस मिळाली? सासूबाईंनाही नाही. त्यांना भेटताना अंतर ठेवा, बोलताना नको.

सासूबाई तयार झाल्या आणि कोविशिल्ड मिळाली, तर 23 ऑगस्टपासून 84 दिवस 15 नोव्हेंबरला भरतात, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. कोव्हॅक्सिन असेल तर 4 ते 6 आठवड्यांतच, म्हणजे चवथ झाल्या झाल्या. पावती नीट ठेवा, लस कुठली ते तिच्यावर असतं आणि दुसरा डोस त्याच लसीचा लागतो. दुसऱ्या खेपेला त्यांना कोण नेणार हे आताच ठरवून टाका. भाऊजी नेतो म्हणाले, तर त्यांनाच नेऊ द्या.